हळूरावांचा तापलेला फोन

पडदा वर जातो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. डावीकडे खिडकी आणि तिच्याखाली झाकण घातलेलं शिलाई मशीन. उजवीकडे पलंग. पलंगावर पाय लांब करून एक बाई बसली आहे, तिच्या डाव्या हाताची शीर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात दर आठवड्याच्या तीन वारांना लाल गोल. आणि मधोमध, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, येरझाऱ्या घालणारा एक सडपातळ म्हातारा. त्याच्या गळ्यात दोरी, दोरीला मखमली बटवा, बटव्यात फोन आणि बटव्यातून बाहेर आलेली पांढरी वायर. वायर संपली की त्याची फेरी संपते. मग तो वायर उपसतो, समोरच्या भिंतीपाशी जातो, तिथल्या चार्जरची वायर खुपसतो, आणि नवी फेरी सुरू होते.

हे आमचे हळूराव. आमच्या नाटक कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं दिवे सांभाळले. दिव्यांच्या खोलीत कुणी नवा माणूस आला आणि त्यानं उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांडीला हात लावला, की हे त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, हळू. थंड दिव्यावर एकदम सगळी वीज सोडली की आतली तार तुटते, म्हणून प्रयोगाच्या अर्धा तास आधी येऊन ते एकेक दिवा मंद लावून ठेवायचे, दिसेल न दिसेल असा. त्यांचं अंग शेकू दे जरा, म्हणायचे. एका नाटकात माझ्या एका वाक्यावर सूर्य उगवायचा होता. हळूरावांचा सूर्य इतका बेताबेतानं वर यायचा की ते वाक्य मला तीनदा म्हणावं लागे, आणि प्रेक्षकांना वाटे ती माझी शैलीच आहे. दिग्दर्शक वैतागून म्हणायचा की अशानं आपला नायक म्हातारा होईल. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. नायक दुसरा मिळतो, म्हणायचे, असा दिवा मिळत नाही.

पलंगावर बसल्या आहेत त्या वहिनी, त्यांच्या पत्नी. आमचा कपडेपट त्यांच्याकडे असे. त्यांच्या पेटीत तळाशी नायकाचा एक जादा सदरा घडी घालून ठेवलेला असायचा. हे त्या कुणाला सांगत नसत. भर अंकात सदरा उसवला की मगच तो दुसरा सदरा विंगेत हजर व्हायचा, आणि वहिनी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बटणं लावून द्यायच्या.

चार वर्षांपूर्वी वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. तीनेक वर्षांनी दुसऱ्या कुणाची तरी किडनी मिळावी म्हणून हॉस्पिटलच्या यादीत नाव लागलं. यादीचं काम बघणाऱ्या बाई स्वभावानं चांगल्या. त्यांनी समजावून सांगितलं की किडनी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. महिना लागेल, वर्षही लागेल. आली की आम्ही फोन करतो. अर्ध्या तासात तुम्ही सापडला नाहीत, तर यादीतलं पुढचं नाव घेतो, कारण किडनी थांबत नाही.

हे सगळं त्या रोज दहाजणांना सांगत असतील. हळूरावांनी मात्र ते वाक्य घरी आणलं, आणि त्या दिवसापासून त्यांचा हळूपणा गेला तो गेलाच.

प्रथम त्यांनी जुना फोन काढून नवा घेतला, जलद चार्ज होणारा. वीस मिनिटांत निम्म्याच्या वर. त्याच्या जोडीचे चार चार्जर घरात चार ठिकाणी लागले: पलंगाशी, खिडकीशी, स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर. फोनवर शंभर दिसलं पाहिजे. सत्त्याण्णव दिसलं की यांचा हात वायरीकडे गेलाच. जेवताना फोन ताटाशेजारी, वायरीसकट. झोपताना उशीखाली, वायरीसकट. अंघोळीला जाताना तो दाराबाहेरच्या फळीवर, आणि वहिनींना हुकूम की नजर हलवायची नाही. वहिनी म्हणायच्या, "मी यंत्राला लागते आठवड्यातून तीनदा, यांचा फोन लागतो दिवसातून तीसदा. खरा पेशंट कोण ते डॉक्टरांना एकदा विचारायला हवं."

फोन पडू नये, ओरखडा येऊ नये, म्हणून हळूरावांनी वहिनींकडून बटवा शिवून घेतला. कपडा कुठला, तर आमच्या कंपनीच्या जुन्या पडद्याची किरमिजी मखमल. वहिनींनी आतून अस्तरही लावलं. त्या बटव्यात फोन असा बसायचा, जसा भर उन्हाळ्यात कुणी रजईत शिरावा. आणि तशात तो चार्ज व्हायचा.

आठनऊ महिन्यांत फोनचं तंत्र बिघडलं. सकाळी शंभर, अकराला साठ, मग एकदम तीसवर उडी. हळूराव घाबरून अधिक भरायला लागले. जितकं अधिक भरत, तितका तो लवकर उतरे. जितका लवकर उतरे, तितकं हे अधिक भरत. मी भेटायला जाई तेव्हा त्यांचं निम्मं लक्ष माझ्याकडे आणि निम्मं त्या आकड्याकडे. वाक्य अर्धवट सोडून उठायचे. चहा गार होऊन जायचा. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड धरला, त्याच्या चेहऱ्यावर आता फोनचा निळा उजेड पडलेला असे, तोही खालून. खालून पडलेल्या उजेडात माणूस भेसूर दिसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

शेवटी एका सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढूनच बाजारात नेलं. जिन्याखालच्या टीचभर दुकानात एक पन्नाशीची बाई फोन दुरुस्त करते. डोळ्याला भिंग, समोर हिरवा रबरी गालिचा, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. सगळे तिला ताई म्हणतात. ताईनं बटव्यातून फोन काढला, तळहातावर धरला आणि नर्स कपाळाला हात लावते तसा त्याच्या पाठीला लावला.

"याला ताप आहे," ती म्हणाली.

मग तिनं फोन काचेवर आडवा ठेवून बोटानं टिचकी दिली. फोन गोल फिरला. पाठ फुगली होती. आतली बॅटरी सुजली आहे, ती म्हणाली.

हळूरावांनी लगेच कबुली दिली. शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलंच होतं की हे जलद चार्जर बॅटरी खातात. ताईनं मान हलवली. चार्जरवर आळ घेऊ नका, म्हणाली. तो आणि फोन आपसात बोलून ठरवतात किती घ्यायचं. बॅटरी रिकामी असते तेव्हा भराभर घेते, भरत आली की आपणच हळू होते. जलद भरल्यानं थोडी झीज होते, नाही असं नाही, पण रोज एकदा भरलात तर दोनतीन वर्षं सहज काढते.

"मग ही कशानं गेली?" हळूरावांनी विचारलं.

ताईनं मखमली बटवा दोन बोटांत उचलला. "जलद भरताना फोन तापतो. ती ऊब बाहेर जायला हवी, तर तुम्ही पांघरूण घातलंत. वर चोवीस तास शंभरावर ताणून ठेवलंत. पोट तुडुंब भरलेल्या माणसाला रजईत गुंडाळून उन्हात बसवा आणि दर पाच मिनिटांनी घास भरवा. तुमचं दुसरं काही चुकलं नाही, काका."

हळूराव बटव्याकडे बघत राहिले. ताई पुढे बरंच सांगत होती, ऐंशीला काढत जा, वीसला लावत जा, उघड्यावर ठेवा, पण त्यांच्या कानात ते गेलं नसावं. हळूहळू शेकायचं कसं हे ज्याला दिव्यांनी शिकवलं, त्यानं एका फोनला शिजवलं होतं.

इलाज सोपा होता. नवी बॅटरी. दोन तास फोन ठेवून जा, ताई म्हणाली.

हळूरावांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. दोन तास फोन बंद, म्हणजे चार अर्धे तास. त्या चारांतल्या एकात फोन आला तर? ताईनं सुचवलं की सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून देते. ते म्हणाले, त्यात नाही लागलं तर? मी म्हटलं, माझा फोन घ्या, यादीवाल्या बाईंना कळवू. ते म्हणाले, त्या नंबर लिहून घ्यायला विसरल्या तर? ताईनं दोन्ही हात वर केले. मग आवाज बदलून तिनं बजावलं की सुजलेली बॅटरी पेट घेऊ शकते. उशीखाली नाही, बटव्यात नाही, घरात कुणी जागं नसताना चार्जिंगला नाही. आणि आज नाही तर उद्या, पण बदला.

त्यांनी उद्या म्हटलं. असे अकरा उद्या गेले. मी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. फोन आता टेबलावर स्टीलच्या ताटलीत ठेवायचे, आणि चार्ज होत असला की समोर खुर्ची टाकून पहारा करायचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, वहिनी मला म्हणाल्या. यंत्रावर वजन माझं उतरायला हवं, उतरतंय यांचं.

बाराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्याकडे होते. फोन तापला म्हणून हळूरावांनी वायर काढून ताटली पंख्याखाली ठेवली होती. दर मिनिटाला ते वाकून आकडा बघत होते. पंचेचाळीस. एक्केचाळीस. अडतीसला त्यांनी वायर हातात घेतली, फोनला बोट लावून पाहिलं, अजून गरम होता, म्हणून वायर खाली ठेवली. पुन्हा उचलली.

तेवढ्यात फोन वाजला. थरथरत्या फोनबरोबर ताटलीही वाजायला लागली, खणखण खणखण, तिसऱ्या घंटेसारखी. हॉस्पिटलचं नाव आम्ही तिघांनीही वाचलं. हळूरावांनी झडप घातली, आणि त्यांचं बोट काचेवर टेकायच्या आत काच काळी झाली. अडतीस टक्के असताना. ताईनं नंतर सांगितलं ते असं, की म्हातारी बॅटरी आकडा दाखवते, पण एकदम जोर लावायची वेळ आली, पडदा उजळायचा, आवाज करायचा, थरथरायचं, की तिला तो भार पेलत नाही आणि ती बसते.

हळूरावांनी वायर खुपसली. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी वायर काढून दुसरी खुपसली. मग तिसरी. मी म्हटलं, एकाच जागी राहू द्या, उठेल तो. ते ऐकण्यापलीकडे गेले होते. नंबर फाइलमध्ये आहे असं काहीतरी पुटपुटत त्यांनी कपाट उघडलं, फाइल उलटी धरली गेली, आणि चार वर्षांचे रिपोर्ट जमिनीवर पसरले. ते गुडघ्यांवर बसून कागद चाळायला लागले. एकच कागद त्यांनी तीनदा बघितला. मी शेजारी बसून शोधत होते. नंबर सापडत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मी टाळत होते आणि दर क्षणी बघत होते.

आणि शिलाई मशीनच्या खणातून एक बारीक सूर आला.

वहिनी पलंगावरून उतरल्या, भिंतीला धरून मशीनपाशी गेल्या, खण उघडला. आत बॉबिनी, कात्री, आणि त्यांचा जुना बटणांचा फोन. रविवारी एकदा चार्ज केला की पुढच्या रविवारपर्यंत चालणारा.

"हो, मीच बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "नाही, त्यांचा बंद पडलाय. दुपारी बारानंतर काही खाल्लं नाही. येतो आम्ही."

हळूराव कागदांत तसेच बसलेले, हातात वायर. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. यादीवाल्या बाईंना दुसरा नंबर त्यांनी पहिल्याच महिन्यात देऊन ठेवला होता आणि पहिला लागला नाही तरच हा लावा असं सांगून ठेवलं होतं.

"अहो, सदरा भर अंकातच फाटतो," त्या म्हणाल्या. "जादा एक ठेवावाच लागतो. आता माझ्या चपला द्या."

ते उठले. चपला दिल्या, नव्हे, खाली बसून वहिनींच्या पायात घातल्या. टॅक्सीत बसताना ताटलीतला फोन माझ्या हातात दिला आणि ताईच्या दुकानाच्या दिशेनं मान केली. इतकंच.

पुढचं सगळं नीट झालं, हे मी इथेच सांगून टाकते. वहिनी आता मशीनवर बसतात आणि मला झंपर लहान झाला म्हणून टोचून बोलतात. पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

वहिनींना आत नेऊन दोन तास झाले होते. लांब कॉरिडॉर, भिंतीला लोखंडी बाकं. हळूराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. आता वायर नव्हती, त्यामुळे फेरी पुष्कळ लांब झाली होती. दार उघडलं की थांबत, बंद झालं की चालत. मी ताईकडून आणलेला फोन पुढे केला. नवी बॅटरी, पाठ सपाट, अंग गार. तिनं तो मुद्दाम पूर्ण भरून दिला नव्हता. त्यांनी आकडा बघितला आणि खिसा चाचपला. मला वाटलं चार्जर शोधताहेत. बाकाशेजारीच प्लग होता. माझ्या पिशवीत त्यांचा एक चार्जर होता, तो मी काढला आणि विचारलं, लावू का.

त्यांच्या खिशातून निघाला तो वहिनींचा बटणांचा फोन. तो त्यांनी डाव्या हातात धरला, आपला उजव्या हातात, आणि पुन्हा चालायला लागले. चालता चालता मागे न बघता म्हणाले,

"बासष्ट आहे, बाई. पुरेल."