दुखवट्याच्या घरी बोललो त्याची गोष्ट

आमच्या घरात गडीमाणसं बोलतच न्हाईत. बाप मेंढरं राखायचा, त्याला बोलायची गरजच पडली न्हाय. थोरला भाऊ बेंबळीत शिंपी हाय. तोंडात टाचण्या धरून बसतो, लोकास्नी वाटतं टाचण्यामुळं गप हाय. धाकटा बोअरच्या गाडीवर. त्या आवाजात बोलणार कोण? स्वभाव एकच, पण त्यांनी आपापल्या तोंडाला जमंल असा धंदा बघितला. म्या ईट गावच्या बाजारात मेथी विकाय बसलो. आरडायची लाज वाटायची. शेजारची बाई आरडायची, गिऱ्हाईक मला वलांडून तिच्याकडं जायचं. माझी मेथी सांजच्याला शेळी खायाची. तिनं कधी घासाघीस केली न्हाय.

मग कळलं, आपुनबी कामाचं हाव. कोण वारलं की गावातली माणसं मला दुखवट्याला बसायला नेत्यात. बाकीचे तिथं जाऊन डॉक्टरच्या चुका काढत्यात. म्या भिताडाला टेकून खाली बघतो. लोक म्हणत्यात, "ह्याला खरं दुःख झालं." मला बऱ्याचदा वारलंय कोण तेबी नीट ठावं नसतं.

पोरीची सोयरीक सास्तूरला जमत आली व्हती. तेवढ्यात पोराची आज्जी वारली. भेटाय निघताना बायको म्हणली, "अवो, आज तरी तोंड उघडा. मागल्या बारीला त्यांनी इचारलं, पोरीचा बाप मुका हाय का म्हणून. सोयरीक मोडली तर पोरीला काय सांगणार?"

"बरं."

"काय बोलणार?"

"बघू."

गेलो. दारात पत्र्याखाली पोराचा आजा बसलेला. म्हातारी गेल्यापासनं त्यानं शब्द काढला नव्हता. म्या शेजारी बसलो. लई बरं वाटलं. बायकोनं आतनं डोळं वटारलं तवा ध्यानात आलं, बोलायचं ऱ्हायलंय. तवर उठायची येळ झाली.

आता दुखवट्याच्या घरनं निघताना "येतो" म्हणायचं नसतं, हे बारक्या लेकरालाबी कळतं. गुमान चपला घालायच्या आन् चालू पडायचं. सगळं माझ्याच सोयीचं. तरीबी म्या सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणलो, "येतो बरं का!"

आतलं रडणं थांबलं. पोराच्या बापाचं तोंड उतरलं. बायकोनं पदर तोंडावर घेतला. माझा एक पाय दुसऱ्याच्या चपलीत व्हता.

आजा खाकरला. "कवा?"

पोराचा बाप पळत आला. "आप्पा, तुमी बोललात?"

"तुला न्हाय, ह्यांना इचारतोय. कवा येता?"

"उद्या?" म्या म्हणलो.

"या. हितं सगळी लई बोलत्यात."

गाडीवर बायकोला इचारलं, "सोयरीक ऱ्हायली का गेली?"

"मला काय इचारता? लई बोलके झालाव न्हवं, तुमीच इचारा उद्या."

दुसऱ्या दिवशी गेलो. इचारायचं जमलं न्हाय. दोघं दुपारभर बसलो. ऊन पायावर आलं की सतरंजी मागं वढायची, एवढंच काम. उठताना आजानं लेकाला हाक मारली, "पोरगी ह्यांचीच करायची."

"आप्पा, तुमी पोरगी बघितली कुठं?"

"बघायची काय? बापावर गेली आसंल."

पोरगी आईवर गेलीया. म्या काय बोललो न्हाय.