नापास टायर

चाकणच्या टायर कंपनीत माझं काम नापास टायर कापायचं. रबराला फोड आला, ठसा नीट उमटला नाही, की तो टायर माझ्याकडे यायचा. कुणी बाजारात विकू नये म्हणून मशीनवर त्याचे दोन तुकडे करायचे आणि भंगारात टाकायचे.

सुट्टीला मी बाइकच्या स्प्रिंट रेसला उतरायचो. सरळ रस्ता, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारा खेळ. सगळी मदार मागच्या टायरच्या पकडीवर. मऊ रबराचा नवा रेसिंग टायर माझ्या आवाक्यातला नव्हता. दुकानात ऐपतीचे दोनच होते. एक रोजच्या वापराचा, नवा पण टणक. दुसरा मऊ, पण कुणीतरी रेसला झिजवून विकलेला. मी झिजलेला घेतला.

त्याच आठवड्यात माझ्याच साइजचा कोरा रेसिंग टायर कापायला आला. खोट काय, तर बाजूवरचं एक अक्षर उमटलं नव्हतं. अक्षर काय रस्त्याला टेकतं का?

सुपरवायझरला म्हणालो, "साहेब, हा मला द्या. पैसे पगारातून वळते करा."

"येडा झालास का भावा? नापास म्हणजे नापास. काप."

कापला. लोण्यासारखा कापला गेला.

रविवारी रेस सुटली आणि माझं मागचं चाक जागीच गरगरत राहिलं. धुरातून बाहेर आलो तोवर बाकीचे पोहोचले होते.

रेस सोडली. टायर अजून कापतो. साइज मात्र वाचत नाही.