औषध न मारलेली बाग

द्राक्षबागेत यंदा औषध मारायचं नाही, हा हट्ट माझा. नारायणगावाजवळच्या आमच्या बागेत पिठ्या ढेकूण शिरला होता. तो घडात गेला की घड चिकट होऊन काळा पडतो आणि व्यापारी त्याला हातही लावत नाही. हे ढेकूण खाणारे काळे भुंगेरे मी मागवले आणि फवारणी थांबवायला सासऱ्यांना कसंबसं राजी केलं. मी त्यांना मामा म्हणते. शेजारच्यांनी ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ऐकवलंच. मामा एवढंच म्हणाले, "बाग गेली तर तुझ्यामुळं गेली, ध्यानात ठिव."

तेव्हापासून मला घास गोड लागेना. सोडलेले भुंगेरे दिसेनासे झाले. तीन आठवड्यांनी वेलीच्या खोडाची साल उचलली. आत पांढरे, कापूस चिकटल्यासारखे किडे होते, आधीच्या ढेकणांहून मोठे. मी इतकी घाबरले की कुणाला सांगितलंच नाही. सकाळी सगळे गोठ्यात गुंतले की बागेत जायचं, हातात जुना पायमोजा चढवायचा आणि एकेक किडा चिरडायचा. असं तीन दिवस केलं.

चौथ्या दिवशी ते किडे मामांना दिसले. ते लगेच ट्रॅक्टरच्या फवारणीच्या टाकीत औषध कालवू लागले. मी भुंगेरेवाल्याला फोन लावून किडे कसे दिसतात ते सांगितलं.

त्याने विचारलं, "ताई, डिवचलं की पळत्यात का?"

"पळत्यात की! लई चपळ हायेत."

"मग ते ढेकूण न्हाईत. आपल्या भुंगेऱ्यांची पिल्लं हायेत ती. दिसायला ढेकणासारखीच असत्यात. हात लावू नका."

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. मी पळत जाऊन पुढे उभी राहिले. "मामा, फवारू नका! ती आपलीच पिल्लं हायेत, ढेकूण खानारी. आन् तीन दिस मी त्यांनाच मारतीय."

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरून साल उचलली. तिथे एकच पिल्लू उरलं होतं, ढेकणाच्या अंड्यांत तोंड खुपसून बसलेलं. मामांनी साल हळूच परत टेकवली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"बरं," ते म्हणाले, "चार दिस मी औषिद मारत न्हाई. पन तू बी बागंत पाय टाकायचा न्हाई."