नलूच्या पेटीकोटातलं लोखंड

आमच्या नायगावच्या चाळीत सुंदराएवढी धीट बाई दुसरी नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात अश्रुधूर सुटला की आम्ही तोंडाला पदर लावून पळायचो. ही नळावर पदर भिजवून पुन्हा पुढं. गिरणीतला मुकादम तिच्या वाटेला जायचा नाही. मी बकुळा, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण, मी डोळ्यानं बघितलंय. पण तिची लेक नलू वाळायला लागली आणि या बाईचा धीरच गेला.

वाळली कशी, ते ऐका. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव निघाले, सगळं चांगलं झालं. पण सुंदराचे सासरे तात्या म्हणजे भारी निष्ठेचा माणूस. त्यांनी पंचशील असं घट्ट धरलं की घरातून मटण गेलं, मासळी गेली, शेवटी सुकटसुद्धा गेली. "जीवहिंसा करणार नाही म्हणून हात जोडले ना? मग सुकट काय झाडाला लागते?" म्हणायचे. अहो, आमच्या पोरांच्या अंगाला काय लागायचं ते त्या मूठभर सुकटीनंच! नलू तर तिच्याशिवाय भाकरीला हात लावायची नाही. मग सकाळी चहा-पाव, संध्याकाळी चहा-पाव. आई पाळीवर, बाप बुधाजी गिरणी सुटली की सभेला, बघतंय कोण? मी तात्यांना तोंडावर म्हटलं, "पोरीला उपाशी मारा असं कुठल्या शीलात आहे?" त्यांनी दार लोटून घेतलं.

त्याच सुमाराला समोरच्या चाळीतली लतिका गेली. शाळेत डॉक्टरांनी वजन केलं, पोर हलकी भरली, छाती तपासली आणि तिला क्षयाच्या इस्पितळात नेलं. ती परत आलीच नाही. झालं, नळावर दुसरी गोष्ट नाही. हलकी पोरं उचलून नेतात म्हणे!

म्हणून शाळेत पुन्हा वजनकाटा येणार हे कळल्यावर सुंदरा माझ्या दारात आली. माझ्याकडून जाड सुई मागून नेली. कशाला, ते काही बोलली नाही. माळ्यावरच्या डब्यातले गंजलेले नट तिनं नलूच्या पेटीकोटाच्या दुमडीत शिवले, वर पोरीला तांब्याभर पाणी पाजलं आणि बजावलं, "पळू नकोस. वाजेल."

नलू काट्यावर चांगली भरली. सुंदरा माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली. मला बाई तेव्हा काय ठाऊक!

थोड्या दिवसांनी शाळेत दुधाची पिंपं आली. जी पोरं हलकी भरली होती, त्यांना रोज पेलाभर दूध. पोरं पांढऱ्या मिशा पुसत घरी यायची. नलू रांगेत उभी राहिली तर बाईंनी बाजूला काढली. "तुला कशाला गं? तुझं वजन चांगलंय."

हे ऐकलं आणि सुंदरा माझ्या उंबऱ्यातच बसली. तेव्हा कुठं तिनं नटांचं सांगितलं. "बकुळाताई, पोरीच्या तोंडचं दूध मीच काढलं गं."

"अगं येडे, मग जाऊन सांग की शाळेत!"

"सांगितलं तर पुन्हा तोलतील. खरं वजन दिसेल. ही तर त्या दूधवाल्या पोरांहूनही हलकी, लतिकासारखी छाती तपासतील. नेतील तिला." तिनं आवाज खाली आणला. "काटा परत कधी येईल नेम नाही, म्हणून मी ते नट अजून काढले पण नाहीत."

म्हणजे ती काटकुळी पोर रोज तेवढं लोखंड ओढत शाळेत जात होती. माझा जीव नुसता चरफडला. पण बोलू काय? लतिकाची आई रोज समोरच्या गॅलरीत उभी दिसायची.

शेवटी नलू प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. निरोप आला तशा आम्ही दोघी धावलो. पोर बाकावर निजवलेली, ओठ पांढरेफटक. वजनाचे डॉक्टर त्या दिवशी काटा घेऊन शाळेतच आलेले. वहीत बघून म्हणाले, "वजन तर ठीक होतं हिचं. मग असं का व्हावं?"

सुंदरा एकदम खाली बसली, पेटीकोटाची कड दातात धरली आणि टाका तोडला. नट फरशीवर खडखडत पसरले.

"हे माझ्या पोरीचं वजन नाही, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर रागावले नाहीत. नलूला त्यांनी काट्यावर उभी केली. पोरीनं आईचा हात गच्च धरला. "आई, आता मला नेतील?"

"बाई, हात सोडा. नाहीतर वजन कळायचं नाही."

सुंदराला सोडवेना. मला पण सोड म्हणवेना. शेवटी तिनंच लेकीची बोटं एकेक करून सोडवली. केवढी हलकी भरली पोर! डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. खोक म्हणाले, परत खोक म्हणाले. सुंदरा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"छाती साफ आहे," ते म्हणाले. "ही भूक आहे, बाई. दूध उद्यापासून सुरू. घरी मासळी, अंडं, जे जमेल ते द्या."

घरी येऊन सुंदरानं ते नट तात्यांच्या पुढ्यात ओतले. "तात्या, तुमच्या नातीच्या अंगावर एवढंच मांस होतं."

म्हाताऱ्यानं एकेक नट उचलून डब्यात टाकला. मग टोपी घालून बाहेर पडला आणि कागदात सुकट बांधून घेऊन आला. स्वतः नाही खाल्ली, पण भाजेपर्यंत चुलीपाशी बसून होता. नलूला पहिला घास त्यानंच भरवला.

नट निघाले, सुकट आली, दूध मिळायला लागलं. तरी नलू कितीतरी दिवस गॅलरीतून हळूहळूच चालायची. "पळ की गं जरा!" मी म्हणायची. पेटीकोटाची कड मुठीत धरून ती म्हणायची, "नको, बकुळामावशी. वाजेल."