नीरेत न टाकलेलं पदक

समोर माणूस आला की डॉक्टर आधी त्याचं मनगट धरायचे. औषधाला आलेला असो, नाहीतर नुसता रस्ता विचारायला. नाडीवर बोटं ठेवून म्हणायचे, "ताप हाय. उतरंल."

मराठी ते रोग्यांकडूनच शिकले. त्यामुळे हा सहाफुटी जर्मन विंझरच्या धनगरांसारखा बोलायचा आणि मामलेदारांनाही "जीभ दाखव रं" म्हणायचा. मामलेदार निमूट दाखवायचे. तुम्हीही दाखवली असतीत.

ते ज्यू होते. म्हणजे काय, हे भोरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण मी त्यांचा कंपाउंडर, आणि पुण्याचं वर्तमानपत्र त्यांना मीच वाचून दाखवायचो. तिकडे जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडत होते, नोकऱ्या काढून घेत होते. डॉक्टरांचं इस्पितळही तसंच सुटलं होतं. तरी म्हणायचे, "माझ्या देशाला ताप हाय. तापात मानूस बडबडतो. उतरंल."

खंडेनवमीला आम्ही दवाखान्यातली हत्यारं पुजायचो. खल, तराजू, चिमटे, सुया. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांत एक लोखंडी पदक आणून ठेवलं. पहिल्या महायुद्धात देशानं दिलेलं. मी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. डॉक्टरांनी हात जोडले. पुढे दरवर्षी तसंच.

मला ते पदक फार आवडायचं. इंग्रजाला रट्टा देईल तर जर्मनच, असं तेव्हा आमच्यात पुष्कळांना वाटे. मीही त्यातलाच. म्हणून ज्यूंची बातमी आली की मी जरा मोठ्यानं वाचायचो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

एका दिवाळीनंतर बातमी आली, ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली. पाठोपाठ डॉक्टरांच्या बहिणीचं पत्र. मेहुण्याला घरातून उचलून नेलं होतं. नेणारा डॉक्टरांच्याच पलटणीतला, त्यांच्याबरोबर खंदकात राहिलेला. हातात नावांचा कागद होता म्हणे.

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली. मी म्हणालो, "ताप असेल, डॉक्टरसाहेब. उतरेल."

त्यांनी ती घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "न्हाई. तापात मानूस यादी करत न्हाई."

पदक माझ्या हातात दिलं. "नीरेत टाक."

मी नदीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. पदक माझ्या पेटीत, धोतराच्या घडीत ठेवलं. डॉक्टरांना म्हणालो, "टाकलं."

पुढच्या उन्हाळ्यात मार्गासनीची एक म्हातारी खोकल्याच्या औषधाला आली. बाटलीतलं संपत आलं होतं, मी पाणी घातलं. डॉक्टरांनी पाहिलं. सगळ्या रोग्यांदेखत ओरडले, "ती एवढी चालत आली, अन् तू तिला पानी पाजतो?" म्हातारीच म्हणाली, "असू द्या ओ डाक्तर, पान्यानं बी बरं वाटतंया." सगळे हसले. तो हशा मी मनात धरून ठेवला.

मग लढाई सुरू झाली. हुकूम आला, जर्मन दिसेल तो अटकेत. आमचे फौजदार भले होते. त्यांच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण डॉक्टरांनीच सोडवलं होतं. दवाखान्यात येऊन म्हणाले, "देशानं हाकललेला माणूस, देशाशी नातं तोडलेला, असं लिहून वर पाठवतो. तुम्हाला इथंच राहू देतील. पण साक्षीला कुणी हवं."

डॉक्टर हसले. माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचार. माझं पदक ह्यानंच नीरेत टाकलं."

मी 'हो' म्हणायचं होतं. एवढंच.

मी आत गेलो, पेटी उघडली आणि पदक आणून फौजदारांपुढे ठेवलं. म्हणालो, "इथंच आहे की. दर खंडेनवमीला पूजा होते."

हळदीकुंकवाचे डाग त्यावर अजून होते. फौजदारांनी ते पाहिले. "काय हे, डॉक्टर?" म्हणाले, आणि लिहायला काढलेला कागद परत खिशात घातला.

डॉक्टरांनी कोट चढवला.

मोटार दारात आली तेव्हा बाहेर रोगी बसलेच होते. मार्गासनीची म्हातारीही होती. "कुठं नेताय ओ आमच्या डाक्तरला?" ती मलाच विचारत होती.

डॉक्टर पायरी उतरले, थांबले, मागे आले. माझं मनगट धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं.

"ताप न्हाई तुला," म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.