साडूंच्या अंगणातला द्राक्षवेल

आमच्या साडूंइतका भला आणि त्यामुळेच असह्य माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी रागाने म्हणत नाही, तीस वर्षं त्यांना जवळून पाहून म्हणतो आहे. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिली आणि त्या दिवसापासून माझी तुलना सुरू झाली. मी सातपूरला एका कारखान्यात तयार माल तपासायचो, ते पोस्टात होते. माझे केस पस्तिशीतच गेले, त्यांच्या केसांत अजून कंगवे मोडतात. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बायको खिडक्या उघडते, आणि त्यांनी एकदाच केलेल्या पिठल्याची आठवण आमच्याकडे दर दिवाळीला निघते. हे सगळं मी गिळलं. पण निवृत्तीनंतर त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे घर बांधलं, अंगणात द्राक्षाचा वेल लावला आणि तो जगवूनही दाखवला, तेव्हा मात्र माझ्याने गिळवेना.

त्र्यंबकला द्राक्ष होत नाही हे नाशिककडच्या कुणालाही विचारा. तिथे चार महिने पाऊस आणि उरलेल्या दिवसांत दव. सायखेड्याच्या एका बागाईतदाराकडे दोन जातींच्या संकरातून झालेला सुवासिक द्राक्षाचा वेल होता, त्याची रोपं आणायला आम्ही दोघं मिळून गेलो होतो. तो साडूंना म्हणाला, "साहेब, तिकडं लय वल हाय. तिथं चपलेला बुरशी येती, द्राक्ष कुठनं यायचं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं सातपूर बेस हाय. तुमचा येल येणार." परतताना मी साडूंचं सांत्वन केलं, तेही अगदी मनापासून. दोन महिन्यांत माझा वेल काडी झाला आणि त्यांचा वेल मांडवाला हात लावून उभा राहिला.

त्याच्यासाठी ते जे करत ते पाहून आधी हसू यायचं आणि मागोमाग पोटात दुखायचं. ओल धरली की द्राक्षाच्या पानांवर बुरशी चढते, म्हणून त्यांनी घरातला टेबलफॅन अंगणात नेला. आम्ही पाहुणे आत घामाघूम, वेल बाहेर वाऱ्यावर! मोठ्या सरीनंतर ते मेव्हणीचं केस वाळवायचं यंत्र घेऊन स्टुलावर चढत आणि एकेक पान उलटं करून वाळवत. "ह्याला ओलं डोकं सोसत नाही हो," असं ते मला समजावून सांगत. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला, तेव्हा त्यांनी जुन्या छत्र्यांचं कापड फाडून प्रत्येक कोवळ्या घडाला टोपरं शिवलं. काळी टोपरी घातलेले ते घड पाहायला त्र्यंबकला दर्शनाला निघालेली मंडळी गाड्या थांबवू लागली. माझ्या बायकोने त्या घडांचा फोटो काढला. माझा फोटो तिने शेवटचा कधी काढला ते आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात वेलाला पहिली द्राक्षं आली. आम्ही गेलो तर साडूंनी मला खुर्चीवर बसवलं, एकच मणी हातात दिला आणि समोर वाकून उभे राहिले. "साडूभाऊ, वास कसा येतो?" मणी फोडताच असा दरवळ आला की मी क्षणभर डोळे मिटले. पण त्यांचा तो आशाळभूत चेहरा पाहिला आणि वाटलं, ह्या माणसाला आता आणखी कौतुकही हवं! मी म्हणालो, "वास? काही विशेष नाही. साधं द्राक्ष आहे." ते म्हणाले, "असं होय," आणि आत गेले. पुढच्या वर्षीही तोच मणी, तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. परतताना मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

यंदा फाल्गुनात मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, हे वेल तोडायला निघालेत. तुम्हीच सांगा काहीतरी."

"तोडायचा कशाला?"

"त्याला वासच नाही म्हणतात. कोरोनाच्या तापात ह्यांचा वास गेला, तो परत आलाच नाही. कुणी कीव करू नये म्हणून मलाही शपथ घातली होती. सायखेड्याच्या माणसाने सांगितलं होतं ना, ह्याचा वास चार घरं जातो. तेवढ्यासाठी लावला त्यांनी वेल. कधीतरी आपल्यालाही येईल म्हणून. मी सांगते वास येतो, तर म्हणतात तू बायको आहेस. पाहुणे सांगतात, तर म्हणतात ते चहा पिऊन बोलतात. वर म्हणतात, साडूभाऊंनी जन्मभर माल तपासलाय, ते नाही म्हणाले म्हणजे नाही."

मी जेवणाच्या ताटावरून उठलो आणि मिळेल त्या बसने त्र्यंबकला गेलो. साडू मांडवाखाली कोयता घेऊन उभे होते, पण अजून काही तोडलं नव्हतं. मी म्हणालो, "थांबा. मी खोटं बोललो होतो. दोन्ही वर्षं."

"खोटं? ते का?"

"जळत होतो."

"माझ्यावर?" ते इतके चकित झाले की कोयता खाली ठेवून स्टुलावर बसले. मला वाटलं, आता हा माणूस मला अंगणाबाहेर काढेल आणि ते योग्यच होईल. पण त्यांनी हात वर करून एक घड तोडला आणि माझ्या पुढ्यात धरला. "मग आता नीट सांगा. घाई करू नका."

मी मणी फोडला. "आधी पेरू येतो. टोपलीत दोन दिवस झाकून ठेवलेला, पिवळा झालेला. मग त्याच्यामागून गुलाब. बाजारातला नव्हे, तुमच्या लग्नात पंगतीला बसताना मनगटाला अत्तर लावलं होतं, तसला. आणि अगदी शेवटी थोडा आंबटसर... ओल्या मातीत चिंच पडावी तसा." एवढं गोड मी बायकोशीही कधी बोललो नसेन. साडू डोळे मिटून, मणी गालात धरून ऐकत होते. "पुढे?" ते म्हणायचे, आणि मी दुसरा मणी घ्यायचो. असा अर्धा घड संपला.

मग ते एकदम थबकले. "आला," ते हळूच म्हणाले. "किंचित. पेरूचा."

खरंच आला, की माझा चेहरा पाहून म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं नाही. वाऱ्याने पानं हलत होती, आणि आम्ही दोघं उरलेला घड मध्ये ठेवून बसून राहिलो.