क्रीटला निघालेल्या बाई

"शी!" म्हणून बाई नाक मुरडत, आणि समोरचा माणूस नकळत स्वतःचा शर्ट हुंगून पाही. ओमानमधल्या सोहारच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत, मी गणित. तुमच्याही ओळखीत असं एखादं नाक असेलच.

स्टाफरूममधला एसीचा कोंदट वास, मॉलमध्ये चालायला जाणारी माणसं, समोरच्या दुकानापर्यंत गाडी काढणारा मी, सगळ्यांची त्यांना शिसारी. "सीटवर बसून जन्म गेला आपला. किळस येते." साठी जवळ आल्यावर त्यांनी ठरवलं, ग्रीसचं क्रीट बेट पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत पायी ओलांडायचं. डोंगरांतून, पाठीवर सामान घेऊन.

मी आणि आमच्या बिल्डिंगमधले एक इंजिनियर उत्साहाने सामील झालो. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे.

"सामान पुढच्या गावी टॅक्सीने पाठवता येतं म्हणे," इंजिनियर म्हणाले.

"शी! चालायला निघालोय की वरातीला?"

सरावाला आम्ही डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे ओढ्याच्या दरीत, गेलो. ओढ्याच्या डोहाकाठी डायपर, कोंबडीची हाडं, तेलकट फॉइल; पाण्यावर चरबीचा तवंग.  इंजिनियरांनी तिथेच बिर्याणी उघडली आणि जेवून प्लेटी त्याच ढिगावर भिरकावल्या.

"उचलायला माणसं येतात, बाई. यल्ला, निघू या."

बाईंनी नाकाला ओढणी बांधली. सगळी घाण पोत्यात भरली आणि ते गळकं पोतं इंजिनियरांच्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"अहो, सीट!"

"माणसं येतात ना उचलायला?"

सोहारपर्यंत काचा उघड्या ठेवून आम्ही तो वास गिळत आलो. इंजिनियर त्या दिवसापासून मोहिमेतून खलास. पुढे माझ्या गुडघ्याने असहकार पुकारला. बाई एकट्या उरल्या.

त्यांना मे महिन्यात जायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथलं ऊन सोसवलं नसतं. शाळेने महिनाभराची रजा नाकारली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. नोकरी गेली की व्हिसाही गेला. ओमान कायमचं सुटणार होतं.

"एका चालण्यासाठी, बाई?"

त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या. "आमच्या यांची राख इथल्याच समुद्रात सोडली रे. निघताना काय तुटतंय ते मला कळतं. पण अशीच बसून राहिले, तर मला माझीच किळस येईल."

निरोपाच्या दिवशी चकचकीत कागदातला गुच्छ त्यांनी दोन बोटांत धरला होता.

मग जूनच्या एका दुपारी फोन वाजला. "पोहोचले. पूर्वेचा किनारा. नखं काळी पडलीत, अंगाला बकरीचा वास येतोय."

"बाई, कसं वाटतंय?"

 फोन दगडावर ठेवल्याचा आवाज आला, मग गोट्यांवरून दूर जाणारी पावलं, मग पाण्यात मोठी डुबकी. नुसत्या लाटा ऐकत मी फोन बराच वेळ कानाशी धरून राहिलो.